पोराचे नाक तीन-तीन महिने वाहते तेव्हा

जुळे सोलापुरात आमच्या घरामागच्या ओळीत एक कुटुंब राहते. वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या यंत्रमागावर, आई दोन-तीन घरची धुणी-भांडी करते, आजी विड्या वळते. मुलगा साडेपाच वर्षांचा. रविवारी सकाळी विहारात आम्ही लहान मुलांचा अभ्यासवर्ग घेतो, तिथे तो येतो. त्याला चांगले नाव आहे, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारीत नाही. पोरे त्याला ‘शेंबड्या’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर पोरांनी ते मोठ्यांकडूनच उचलले आहे. तोंड अर्धवट उघडे, वरच्या ओठावर दोन धारा, काही विचारले की आधी ‘आँ?’ म्हणणार, मग उत्तर देणार. आम्हीही त्याला दोन-चार वेळा ‘नाक पूस आधी’ म्हणून दटावले होते. आज ते आठवले की शरम वाटते.

एके दिवशी त्याची आई शाळेची डायरी घेऊन आमच्याकडे आली. तिला वाचता येते, पण जे वाचले ते खरेच तसे आहे का, हे तिला कोणाकडून तरी ऐकायचे होते. डायरीत लिहिले होते, ‘मुलाचे वर्गात लक्ष नसते. अभ्यासात मंद आहे.’

ती म्हणाली, “भाऊ, मंद म्हंजे डोक्यानं कमी हाय का वो पोरगं?”

आम्ही विचारले, “ताई, याची सर्दी किती दिवसांची आहे?”

उत्तर आजीने दिले. “सर्दीच हाय की, भाऊ. सगळ्याच लेकरांना असतीय. ह्याच्या बापाचं बी आठवीपतूर नाक गळायचं. मोठं झालं की जातंय आपोआप.”

वाचकहो, ‘मोठं झालं की जातंय’ हे वाक्य पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते घातक आहे. बऱ्याच मुलांचे जाते. पण ते जाईपर्यंतची तीन-चार वर्षे म्हणजे बाराखडीची आणि पाढ्यांची वर्षे असतात, हे कोणी हिशेबात धरीत नाही.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. डॉक्टरकीतले आम्हाला काही कळत नाही, कागद मात्र लावता येतात. त्या माउलीने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या आम्ही तारखेप्रमाणे लावल्या. तेरा महिन्यांत चार डॉक्टर. सात वेळा अँटिबायोटिक, त्यातले पाच वेळा अर्धवट सोडलेले. खोकल्याच्या औषधाच्या अकरा बाटल्या. चेहऱ्याचे दोन एक्स-रे. आणि एवढ्या कागदांत मुलाच्या कानात कोणी डोकावल्याची नोंद एकही नाही.

यात डॉक्टरांना शिव्या देऊन आपण मोकळे व्हावे असे आम्हाला वाटत नाही. आपली रीतच अशी की तीन दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलायचा. जाताना जुनी चिठ्ठी न्यायची नाही. वर ‘सुई मारा, लवकर बरं होतंय’ असा आग्रह. मग प्रत्येक डॉक्टरापुढे पोरगा नवा आणि सर्दीही नवी. तेरा महिन्यांची सर्दी कोणी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी तीन-तीन दिवसांची सर्दी पाहिली.

आता ‘सायनस’ या शब्दाविषयी थोडे. आपण सर्रास म्हणतो, ‘त्याला सायनस आहे.’ सायनस सगळ्यांनाच असतात. गालाच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळात, आणि नाकाच्या पार मागे असलेल्या त्या हवेच्या पोकळ्या आहेत. आतून ओलसर अस्तर असते, त्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते, आणि ती लव आतला चिकट पदार्थ सरकवत सरकवत नाकात आणून सोडते. सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुराने अस्तर सुजले की पोकळीचे तोंड बंद होते, पदार्थ आत साचतो आणि त्यात जंतू वाढतात. तोच दुखण्याचा भाग. जन्मलेल्या बाळाला गालातल्या आणि डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या लहान आकाराच्या असतात. कपाळातल्या साधारण सहा-सात वर्षांनंतर आकाराला येतात. म्हणून चार वर्षांचे पोर कपाळ धरून रडत असेल तर ‘सायनसच असणार’ म्हणून गप्प बसू नये, दुसरे काही आहे का ते दाखवावे.

लहान मुलांत हे दुखणे मोठ्यांसारखे दिसत नाही. डोके जड झाले, गाल ठणकतात, असे चार वर्षांचे पोर काय सांगणार? त्याचे नाक चोंदते, घट्ट शेंबूड येतो, दिवसा आणि रात्री खोकला येतो, तोंडाला वास येतो, पोर चिडचिडे होते आणि नीट जेवत नाही.

मग साधी सर्दी कुठली आणि जुनाट कुठली? बालवाडीतल्या निरोगी मुलालाही वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते आणि एकेक सर्दी दहा दिवस रेंगाळते. पावसाळ्यात एक संपेपर्यंत दुसरी येते, म्हणून आईला वाटते की नाक कधी कोरडेच नसते. यावर आम्ही कारकुनी उपाय सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी नाक वाहिले किंवा चोंदले त्या तारखेवर फुली मारावी. मध्ये कोऱ्या चौकटी दिसल्या, त्या दिवसांत पोर तोंड मिटून झोपले, तर त्या वेगवेगळ्या सर्द्या आहेत. त्यांना वेळ द्यावा. एकच सर्दी दहा दिवसांनंतरही जराही उतरत नसेल, किंवा बरी होत आलेली एकदम उलटून ताप आला, किंवा सलग तीन दिवस मोठा ताप आणि घट्ट पिवळा शेंबूड असेल, तर डॉक्टरकडे जावे. आणि सलग बारा आठवडे फुल्याच फुल्या असतील तर तिला जुनाट म्हणतात. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यायचे, आणि ते कॅलेंडरही सोबत न्यायचे.

आमच्या शेजारच्या मुलाला आम्ही आणि त्याचे वडील, दोघांनी मिळून एका सरकारी दवाखान्यात नेले. वडिलांचा एक खाडा पडला, तो पगारातून गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पिशवीतले कागद पाहिले आणि मग तीनच गोष्टी विचारल्या. रात्री घोरतो का? तोंडाने श्वास घेतो का? टीव्ही मोठा करायला लावतो का? तिन्हीला होकार मिळाला. मग त्यांनी बत्तीने कान पाहिले, कानाच्या पडद्याची एक साधी तपासणी करून घेतली आणि म्हणाल्या, “मुलगा मंद नाही. त्याला कमी ऐकू येतंय.”

बाप तिथेच खाली बसला.

झाले होते असे. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर, टॉन्सिलसारखीच एक गाठ असते, तिला ॲडेनॉइड म्हणतात. तीन ते सात वर्षांच्या वयात ती मोठी असते आणि पुढे आपोआप आक्रसते. काही मुलांत ती इतकी वाढते की नाकाची मागची वाटच बुजते. शेंबूड पुढे येत राहतो, गाठीत जंतू ठाण मांडतात, पोर तोंडाने श्वास घेते. कानाची नळी त्याच जागी उघडते. तीही तुंबते आणि पडद्याच्या मागे चिकट पाणी साचते. कान दुखत नाही, फुटत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. आपण कानात बोटे घालून ऐकावे, तसे त्या पोराला वर्ग ऐकू येतो. आणि अशा पोराला उंचीने थोराड म्हणून मागच्या बाकावर बसवले होते.

उपचार ऐकून वडिलांची थोडी निराशा झाली, कारण त्यात भारी औषध नव्हते. रोज दोन वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुणे, त्यानंतर नाकात फवारा, घरातला धूर आणि धूळ कमी करणे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे. एक्स-रेची गरज नाही असे त्या म्हणाल्या, कारण साध्या सर्दीतही एक्स-रेत सायनस धुरकट दिसतो, त्यावरून काही ठरत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, हाही गैरसमज आहे. साध्या सर्दीतही रंग बदलतो. जंतूंची लागण दिसली तर डॉक्टर देतात, जुनाट दुखण्यात कधी दोन-तीन आठवड्यांचेही देतात, आणि दिले तर सांगितले तितके दिवस पुरे करावे. पण मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळची गोळी मागून आणणे बंद करावे. अर्धवट गोळ्यांनी जंतू मुरतात आणि खऱ्या वेळी ते औषध लागू पडत नाही.

नाक धुण्याविषयी नीट सांगतो, कारण निम्मा गुण त्यातच आहे. पेलाभर पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. आयोडीन नसलेले मीठ मिळाले तर बरे, ते झोंबत नाही. एवढी खटपट नको असेल तर औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाईनचे तयार थेंब मिळतात, तेही चालतात. पिंपातले किंवा नळाचे कच्चे पाणी मात्र नाकात कधीही घालू नये. नाकातून मेंदूकडे जाणारा एक अमीबा अशा पाण्यात असू शकतो. केरळात २०२४ आणि २०२५ साली त्याचे रुग्ण आढळले, आणि त्या रोगातून वाचणारे थोडे. पाणी रोज ताजे करावे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला नुसते थेंब घालून नाक पुसून काढावे. चार-पाच वर्षांचे पोर मोरीवर पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, बिनसुईच्या सिरिंजने हळूहळू पाणी घेऊ शकते. एका नाकपुडीतून घातलेले दुसरीतून येते. हात-पाय धरून, आडवे पाडून जबरदस्ती करू नये. आम्ही त्या पोराला धीर यावा म्हणून आधी स्वतःच्या नाकात पाणी घेतले आणि असा ठसका लागला की पोरगा खदखदून हसला. मग त्यालाही जमले.

फवाऱ्यात स्टिरॉइड असते, हे ऐकून घरातले घाबरले. या फवाऱ्याचा डोस अगदी थोडा असतो आणि तो बहुतेक नाकापुरताच राहतो. डॉक्टरने सांगितल्याशिवाय वापरू नये, सांगितल्यावर मनाने बंद करू नये. नाक धुतल्यानंतर, मान किंचित खाली ठेवून, नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडे वळवावे. चार दिवसांत काही दिसत नाही, फरक पडायला काही आठवडे जातात. नाक पाच मिनिटांत मोकळे करणारे दुसरे थेंब मिळतात, ते वेगळे. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलट जास्त चोंदते. लहान मुलांना ते विचारल्याशिवाय देऊच नयेत.

खोकल्याच्या त्या अकरा बाटल्यांविषयीही बोलले पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. सायनसचा खोकला घशात उतरणाऱ्या शेंबडामुळे येतो. नाक साफ केल्याशिवाय तो बाटलीने थांबत नाही.

आता घर. हा विषय अवघड, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे. आजीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि शेजारीच नातवाची वाकळ. विड्या सोडा असे त्या म्हातारीला सांगणारे आम्ही कोण? सोलापुरात हजारो घरे त्या सुपावर जगली आहेत. पण सूप खोलीतून ओट्यावर नेता येते. काम झाल्यावर हात-तोंड धुऊन, लुगडे झटकून मग नातवाला जवळ घेता येते. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता येते. वडिलांनी मागावरून आल्यावर कपडे बदलायचे, कारण त्यावर सुताची तूस असते, आणि घरात विडी ओढायची नाही. ‘दारात उभं राहून ओढतो’ हेही चालत नाही, धूर आत येतोच. डासांची कॉइल, बंद खोलीतली अगरबत्ती, बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची आणि लसणाच्या सालींची धुरी, हे सगळे त्याच खात्यावर जमा होते. उन्हाळ्यात कूलरच्या गवताला बुरशीचा वास आला की ते बदलावे. आणि आमच्या जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवर पावसाळ्यानंतर गाजरगवत कमरेएवढे वाढते. त्याच्या परागांनी शिंका आणि नाक वाहणे सुरू होते. हे गवत भारतात पहिल्यांदा १९५५ साली पुण्यात दिसले, आज ते कुठे नाही असे नाही. फुलावर येण्याआधी उपटावे, हातमोजे घालून. कचरा तिथेच पेटवू नये. सोलापूर हे हवेचे प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्राच्या यादीत आहे. निदान आपल्या दारात तरी त्यात भर नको.

वाफेविषयी माताभगिनींना हात जोडून सांगणे आहे. उकळत्या पाण्याचे पातेले पोरापुढे ठेवून वर चादर टाकू नका. पोर लाथ मारते, पातेले कलंडते. सर्दी राहते बाजूला आणि भाजलेल्या मांड्या घेऊन दवाखाना गाठावा लागतो. असे पोर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नाकात कोमट तेल किंवा तूप सोडण्याची रीतही मोडावी, ते बाळाच्या फुप्फुसात उतरू शकते.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर तो सायनस नव्हे. हरभरा, मणी, स्पंजचा तुकडा, काहीतरी पोराने आत सारलेले असते. घरी पिन घालून काढायला जाऊ नये. खेळण्यातली गोल चपटी बॅटरी असल्याचा संशय असेल तर तासाचाही वेळ घालवू नये, ती आतून जाळते.

आणि ही गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातली चार वर्षांची एक मुलगी सर्दीत असताना सकाळी उठली ती एक डोळा सुजवून. घरच्यांना वाटले रांजणवाडी. लवंग उगाळून लावली, दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डोळा उघडेना, ताप फणफणला. डोळ्यांमधल्या सायनसची लागण डोळ्याच्या खोबणीत उतरली होती. मध्ये हाडाचा पापुद्रा तेवढा असतो. आठ दिवस शिरेतून औषध द्यावे लागले. डोळा वाचला, पण डॉक्टर म्हणाले की अजून उशीर झाला असता तर सांगता आले नसते. सर्दीत डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, एकाचे दोन दिसणे, सहन न होणारी डोकेदुखी आणि उलट्या, मान ताठणे, पोर गुंगीत जाणे, यातले एक जरी दिसले तरी रात्र असो वा अपरात्र, मोठ्या दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथे मुलांचाही विभाग आहे आणि कान-नाक-घशाचाही.

शेजारच्या मुलाने तीन महिने नेटाने नाक धुतले. धारा थांबल्या, खोकला निम्मा झाला. घोरणे आणि बहिरेपण मात्र तसेच राहिले, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ॲडेनॉइड काढायचे ठरले. भूल द्यायची म्हटल्यावर आजीने अन्न टाकले. हे ऑपरेशन तोंडातून करतात, बाहेर टाका पडत नाही, आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. लहान मुलांत सायनससाठी काही कापायचेच झाले तर आधी हेच करतात. दुर्बिणीने सायनस उघडण्याची वेळ क्वचित येते. त्याच वेळी कानातले पाणीही काढले. खर्चाची ज्यांना काळजी असेल त्यांनी रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का ते आधीच विचारून घ्यावे. शाळा-अंगणवाडीत तपासणीला सरकारी पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. कान-नाक तिथेही दाखवता येते. तान्ह्या बाळांना न्यूमोकोकलची लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते. कानाच्या आणि सायनसच्या काही लागणींपासून तीही राखते. ती चुकवू नये.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोरगा कानांवर हात ठेवून म्हणाला, “आज्जी, पंखा लई वाजतोय.” पंखा जुनाच होता. तो इतकी वर्षे वाजतच होता.

आम्ही शाळेत जाऊन बाईंना भेटलो, त्याला पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती केली. त्यांनी ती लगेच मानली, आणि ‘मला आधी कोणी सांगितलं असतं तर’ असे म्हणाल्या. विहारातल्या वर्गात आता त्याला नावाने हाक मारायची, असा आम्ही नियम केला आहे. मोडला तर मोडणाऱ्याने दोनचा पाढा म्हणायचा. आतापर्यंत आम्हालाच तो दोनदा म्हणावा लागला.

यंदाच्या डायरीत बाईंनी लिहिले आहे, ‘वर्गात फार बोलतो.’ तीही डायरी घेऊन त्याची आई आमच्याकडे आली होती. सर्दी अजून होते. कॅलेंडर भिंतीवर आहे. जुलैत नऊ फुल्या होत्या, ऑगस्टात सहा.